पार्श्वभूमी : प्रचारगीत आणि ‘जाहिरात’ या शब्दाचा गुंता

एप्रिल 2024 मध्ये राज्यातल्या एका पक्षाला प्रचारगीतातून ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द काढायला सांगण्यात आलं. पक्षाने जाहीरपणे नकार दिला आणि पुढचे काही दिवस चर्चा त्या दोन शब्दांवरच होत राहिली. निवडणूक यंत्रणा गाण्यातला शब्द न् शब्द मुळात तपासते कशी, हा प्रश्न त्यात मागे पडला. त्याचं उत्तर केबल टीव्हीच्या एका जुन्या नियमात आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या काळात असं काही तपासणं शक्यच नव्हतं. 1956 ते 1960 या वर्षांत शाहीर गावोगाव गायले ते डफ, तुणतुणं आणि जी-जीच्या साथीवर. त्यांचं गाणं रोज बदलायचं. ज्या गावात फड लागला त्या गावाचं नाव आणि तिथलं गाऱ्हाणं कडव्यात जागच्या जागी जोडलं जाई. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात सत्ताधाऱ्यांना जो फटका बसला, त्यात या फडांचा वाटा मोठा होता. आज त्यातलं जे सर्वांना आठवतं, त्या अण्णा भाऊ साठेंच्या ‘माझी मैना’ या लावणीत उमेदवाराचं नाव नाही की निवडणूक चिन्हही नाही. मुंबईला गेलेला एक माणूस आणि गावी राहिलेली त्याची मैना एवढ्यावरच तुटलेल्या मुलखाचं दुःख आणि आशा दोन्ही उभी राहतात.

कॅसेट आली आणि गाणं पक्कं झालं. एकदा रेकॉर्ड केलं की तालुकाभर तेच वाजणार. चालतं सिनेमाचं गाणं उचलून त्याच चालीवर ‘परिवर्तना’चे शब्द बसवायची सवय तेव्हाची, आणि ती आजही महागात पडते. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यातलं कलम 31सी असं सांगतं की पुनर्ध्वनिमुद्रण मूळ गाण्याला पाच वर्षं झाल्यावरच करता येतं आणि तेही शब्दांत फेरफार न करता. म्हणजे शब्द बदललेल्या प्रचारगीताला या कलमाचा आडोसा मिळत नाही, सरळ परवानगीच घ्यावी लागते. न घेतल्यास ऐन प्रचारात व्हिडिओ खाली उतरतो. पोवाडा, भारूड, गोंधळ, वासुदेव यांच्या पारंपरिक चालींना ही अडचण नाही. मात्र चाल खरोखर पारंपरिक आहे, कुणा संगीतकाराने अलीकडे बांधलेली नाही, एवढं पाहून घ्यायचं.

आता मूळ मुद्दा. 1994 च्या केबल टीव्ही नियमांतला नियम 7(3) राजकीय आणि धार्मिक हेतूच्या जाहिरातींना सरसकट मनाई करत होता. 2004 च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 13 एप्रिल 2004 रोजी मधला मार्ग निघाला : राजकीय जाहिरात दाखवता येईल, पण आधी तपासून आणि प्रमाणपत्र घेऊन. दोनच दिवसांत, 15 एप्रिलला, निवडणूक आयोगाने कार्यपद्धती काढली. एका निवडणुकीच्या घाईत, टीव्हीपुरती झालेली ही सोय. 2008 मध्ये तिच्यात रेडिओ आला, 2013 मध्ये समाजमाध्यमं आली. चित्रपटगृहं, सार्वजनिक जागचे पडदे, घाऊक एसएमएस आणि व्हॉइस मेसेजही तिच्याच कक्षेत आले. पूर्वतपासणीइतका गंभीर अधिकार इतक्या तातडीच्या पायावर उभा राहावा, हे खटकण्यासारखंच आहे.

यात ‘जाहिरात’ कशाला म्हणायचं, इथे खरी गल्लत होते. उमेदवाराने आपल्या स्वतःच्या पानावर गाणं नुसतं टाकलं तर ती जाहिरात धरली जात नाही, म्हणून प्रमाणपत्र नको. तेच गाणं पैसे भरून पुढे ढकललं की ती जाहिरात होते. एलईडी रथाच्या पडद्यावर लावलं तरी जाहिरात. रिक्षावरच्या नुसत्या ध्वनिफितीलाही अनेक जिल्ह्यांत प्रमाणपत्र विचारतात. त्यामुळे नोटीस आलेलं गाणं सगळ्यांच्या मोबाइलवर वाजत असतं, फक्त टीव्हीवर आणि रथावर वाजत नाही. लोकांना ही ‘बंदी’ वाटते. यंत्रणेच्या लेखी ती ‘दुरुस्ती करून फेरसादर करा’ अशी सूचना असते. 2024 च्या त्याच एप्रिलमध्ये दिल्लीतल्या एका पक्षाच्या गाण्यावरूनही ‘बंदी’ की ‘दुरुस्ती’ अशी नेमकी हीच ओढाताण झाली.

उमेदवाराने अर्ज जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे, म्हणजे बोलण्यातल्या ‘एमसीएमसी’कडे करायचा; पक्षाने राज्यस्तरीय समितीकडे. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान 3 दिवस आधी, इतरांनी 7 दिवस आधी. सोबत गाण्याच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता, निर्मितीचा खर्च, आणि किती वेळा कोणत्या दराने वाजणार याचा हिशेब. पैसे चेकने किंवा डीडीने दिले जातील, असं लिहून द्यावं लागतं. अर्ज बहुतेक वेळा संहितेवर अडतो. कवीने लिहून दिलेला मजकूर जोडलेला असतो आणि गायकाने स्टुडिओत वेगळंच गायलेलं असतं. ‘आमचा भाऊ’च्या जागी ‘आपला दादा’ होतं, शेवटी उत्साहात जयघोष येतो. आक्षेप नेमका त्या जयघोषावर निघतो आणि तो संहितेत नसतोच. म्हणून संहिता ध्वनिफीत ऐकून उतरवावी. कोरस, आरोळ्या, मागचं ‘जी रं जी’ सगळं त्यात घ्यावं. प्रमाणपत्र त्या संहितेपुरतंच असतं. एक शब्द बदलला तरी नवा अर्ज.

आक्षेपाचं मूळ लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) मध्ये आहे. धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार. या कलमाचा अर्थ लावण्यात मुंबईच्या निवडणुकांचा वाटा मोठा : पार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीवरचा 1995 चा निकाल, आणि सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीतून निघालेला 2 जानेवारी 2017 चा सात न्यायमूर्तींचा, 4 विरुद्ध 3 असा निकाल. पण न्यायालयात साक्षी होतात, भाषण कुठे आणि कशासाठी झालं ते पाहिलं जातं. समितीपुढे असतो कागदावरचा शब्द. ‘जय भवानी’ ही मत मागण्याची ओळ की मराठी माणसाची रणघोषणा, हे संहितेचा कागद पाहून ठरवता येत नाही. ‘बदल’, ‘नवी पहाट’, ‘परिवर्तन’ असले गुळगुळीत शब्द मात्र सहज सुटतात, म्हणून गीतकारही तेच वापरू लागले आहेत. आजची प्रचारगीतं एकमेकांसारखी का वाटतात, त्याचं एक मोठं कारण हे.

दुसरं कारण भोंग्यात आहे. भोंगा लावलेला ‘छोटा हत्ती’ टेम्पो ताशी 15 किलोमीटरने गल्लीतून जातो, म्हणजे सेकंदाला साधारण 4 मीटर. शब्द कळतील असं अंतर गाडीच्या मागेपुढे 50-50 मीटर धरलं, तर दारातल्या माणसाच्या कानावर गाणं जेमतेम 25 सेकंद पडतं. तेवढ्यात नाव आणि चिन्ह यायलाच हवं, म्हणून लांबलचक सुरावट कापून थेट ध्रुवपदावर यावं लागतं. भोंगा खर्जातला आवाज खातो. ढोलकीची धुमी हरवते, हलगी आणि संबळ टिकतात. एकाच गाण्याच्या दोन प्रती निघतात : एक पक्षाची, दुसरी उमेदवाराच्या नावाची. नावाच्या प्रतीचा खर्च उमेदवाराच्या खात्यात पडतो, आणि 2022 पासून तिथली मर्यादा लोकसभेला 95 लाख, विधानसभेला 40 लाख आहे.

गाण्याने चिन्ह फार चांगलं शिकवलं तरी घोळ होऊ शकतो. 2024 च्या लोकसभेत एका पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होतं आणि गाण्यांनी लोकांच्या तोंडी ‘तुतारी’ बसवली. मराठी चिन्हयादीत ‘ट्रम्पेट’ या वेगळ्याच मुक्त चिन्हाचं नावही ‘तुतारी’ होतं. साताऱ्यात त्या चिन्हावरच्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली, आणि पक्षाचा उमेदवार 33 हजारांहून कमी मतांनी हरला.

शाहिराने प्रचारसभेच्या मंचावर उभं राहून प्रत्यक्ष गायलं, तर या पूर्वतपासणीत ते येत नाही. आचारसंहिता असते, रात्री 10 ची वेळ असते, पण संहिता द्यावी लागत नाही. जोडलेलं कडवं तिथे अजून चालतं. त्याच सभेचं चित्रीकरण कापून रथाच्या पडद्यावर लावायचं ठरलं, की पुन्हा तीन दिवस आधी अर्ज, दोन प्रती आणि ऐकून उतरवलेली संहिता.