सशाचं उरलेलं कोण खाणार?

अडीच किलोचा ससा सोलून साफ केला की हाडांसकट मांस सव्वा ते दीड किलोच्या आसपास भरतं. म्हणजे जवळपास निम्मा ससा बाजूला पडतो. कातडं, डोकं, पाय, रक्त आणि त्यात बराच मोठा वाटा भरलेल्या कोथळ्याचा. घरी ससे पाळणारे कत्तलीची तयारी मन लावून करतात, पण ही किलोभर रास 'नंतर बघू' म्हणून बादलीत जाते. उन्हाळ्यात त्या 'नंतर'ला फार तर काही तासांची मुदत असते.

विल्हेवाट लावली की वस्तू नाहीशी झाली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ही रास कोणीतरी खातं. माशीच्या अळ्या खातात, कुत्रा खातो, घूस खाते, जमिनीतले जिवाणू खातात. खाणारा आपण निवडायचा की जो आधी पोचेल त्याच्यावर सोडायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

पहिला खाणारा तर सशाच्या पोटातच बसलेला असतो. ससा गवत पचवतो ते मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या अंधनाल नावाच्या पिशवीत. पचनमार्गातल्या एकूण ऐवजाचा सुमारे ४० टक्के भाग या एकाच पिशवीत असतो आणि तो जिवाणूंनी खच्चून भरलेला असतो. ससा जिवंत असतो तोवर हे जिवाणू त्याच्यासाठी राबतात. तो मेला की तेच जिवाणू आतड्याची भिंत पोखरायला लागतात, वायू साठतो, पोट फुगतं. म्हणून कोथळा लगेच आणि न फाटू देता काढायचा असतो.

त्या बादलीला येणाऱ्या वासाचं रसायनशास्त्र १८८५ च्या सुमाराचं आहे. लुडविग ब्रीगर या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने सडणाऱ्या मांसातून दोन संयुगं वेगळी केली, कॅडाव्हरिन आणि प्युट्रेसिन. जिवाणू लायसिन या अमिनो आम्लाचा कार्बन डायऑक्साइड काढून घेतात तेव्हा कॅडाव्हरिन उरतं, ऑर्निथिनपासून तसंच प्युट्रेसिन बनतं. गंधक असलेल्या अमिनो आम्लांपासून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. ही असली मंडळी जमतात ती मुख्यतः हवा न पोचणाऱ्या जागी. त्याच प्रथिनाला भरपूर प्राणवायू मिळाला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रेट उरतं आणि शेजारी तक्रार करत नाहीत. दुर्गंधी आली की समजावं, आत हवा पोचत नाही. झाकण घट्ट लावून वास थांबत नाही, तो आत साठत जातो.

रक्ताचं प्रमाण थोडं असतं म्हणून ते मोरीत ओतून द्यावंसं वाटतं. अडीच किलोच्या सशातून ७०-८० मिलिलिटर रक्त वाहून येतं, जेमतेम अर्धा पेला. पण रक्त म्हणजे दाट प्रथिन. ते कुजवायला जिवाणूंना लिटरमागे दीड ते दोन लाख मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. घरगुती सांडपाण्याला दोन-तीनशे मिलिग्रॅम पुरतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला आठेक मिलिग्रॅम असतो. हिशोब केला तर एका सशाचं रक्त दीड हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतं. लहान ओढ्यात चार-पाच सशांचं रक्त गेलं तर मासे का तरंगायला लागतात ते यावरून कळतं. तेच रक्त लाकडाच्या भुशावर ओतलं तर उत्तम नत्रखत आहे. वाळवलेल्या रक्तात १२-१३ टक्के नत्र असतं.

आता कुत्रा. कोथळा त्याच्यापुढे टाकणं हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा मार्ग. टीनिया पिसिफॉर्मिस नावाचा एक पट्टकृमी आहे. तो कुत्र्या-कोल्ह्याच्या आतड्यात राहतो, कधी कधी दोन मीटरपर्यंत वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात. ते गवत सशाने खाल्लं की अळी आतड्यातून यकृतात शिरते, तिथे काही आठवडे वाट कोरत फिरते आणि मग आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावर वाटाण्याएवढी पारदर्शक गाठ होऊन बसते. ससा सोलताना या पाणीदार गाठी स्पष्ट दिसतात. माणसाला या कृमीपासून धोका नाही, त्यामुळे पाहणारा दुर्लक्ष करतो आणि कोथळा कुत्र्याला घालतो. साधारण दोन महिन्यांत कुत्रा नवी अंडी टाकायला लागतो आणि सशांचा चारा त्याच अंगणातून येतो. चक्र पूर्ण होतं, तेही आपण स्वतःच्या हाताने केलेलं. ते तोडणंही तितकंच सोपं आहे: कुत्र्याला द्यायचंच तर शिजवून द्यावं. मात्र हाडं काढून घ्यावीत, कारण शिजलेलं हाड टोकदार फुटतं. आणि यकृत थोडंच द्यावं. त्यात अ जीवनसत्त्वाचा साठा असतो, रोज यकृतावर वाढवलेल्या मांजरांचे मानेचे मणके हाडाच्या वाढीने जखडतात.

कोंबड्यांना थेट मांस न देता 'अळ्या पडू दे, त्या कोंबड्या टिपतील' अशी एक युक्ती सांगितली जाते. ती धोक्याची आहे. सडणाऱ्या प्रेतात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू विष तयार करतो. अळ्यांना त्या विषाचा त्रास होत नाही, ते त्यांच्या अंगात साठत राहतं. अशा अळ्या खाल्लेल्या कोंबड्यांची मान लुळी पडते आणि त्या मरतात.

माझा कौल कंपोस्टला आहे. मेलेल्या कोंबड्यांचं कंपोस्ट करण्याची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात आखली गेली आणि पुढे ती डुकरं, गायी यांच्यापर्यंत गेली. तत्त्व साधं आहे. जिवाणूंना नत्राच्या २५ ते ३० पट कार्बन हवा असतो. मांसात नत्र फार, लाकडाच्या भुशात जवळजवळ नाहीच. एका सशाच्या किलोभर अवशेषांत अंदाजे १८० ग्रॅम प्रथिन धरलं तर नत्र होतं २९ ग्रॅमच्या आसपास. त्याच्याशी मेळ घालायला सव्वा किलो कोरडा भुसा लागतो. वजनाला हे कमी वाटतं, पण भुसा हलका असल्याने आकाराने ती सहा ते आठ लिटरची अर्धी बादली होते. प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट घालावा, कारण लाकडातला लिग्निन जिवाणूंना सहजासहजी पचत नाही आणि कागदावर धरलेला सगळा कार्बन त्यांच्या हाती लागत नाही.

भुसा दुसरंही काम करतो. तळाला फूटभर जाड थर टाकून त्यावर कोथळा पसरला आणि वर पुन्हा फूटभर भुसा किंवा पेंढा घातला, तर खालचा थर पाझर शोषतो आणि वरचा थर गाळणीसारखा चालतो. आतून वर येणारे घाणेरडे वायू ओलसर भुशातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतात आणि बाहेर पडण्याआधीच पचवले जातात. म्हणून नीट झाकलेल्या ढिगाजवळ उभं राहिलं तरी वास येत नाही. वास आला की उपाय एकच, वर आणखी भुसा.

खरी अडचण उष्णतेची. रोगजंतू मरायला ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर सलग तीन दिवस तरी टिकावं लागतं. लहान ढीग तापतो त्याहून वेगाने निवतो, कारण आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. निदान घनमीटरभर ढीग लागतो आणि एकदोन सशांच्या अवशेषांतून तो उभा राहत नाही. इथे सशाच्या खुराड्यातून निघणारं लेंड्या-मुताने भिजलेलं गवत कामी येतं. ते रोज साठतंच असतं. त्याचा ढीग आधीच तापत ठेवावा आणि कत्तलीच्या दिवशी मधोमध खड्डा करून त्यात अवशेष पुरावेत. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. पहिले काही आठवडे ढीग उकरू नये, नाहीतर कुत्र्यांना आमंत्रण जातं. मऊ भाग बघता बघता संपतात. कवटी आणि लांब हाडं मागे राहतात, पण ती इतकी ठिसूळ होतात की हाताने मोडतात. ती पुढच्या ढिगाच्या तळाला घातली तर हवा खेळायला उपयोगी पडतात. अर्धवट झालेलं खत सशांच्या चाऱ्यावर मात्र टाकू नये. यकृतावर पांढुरके डाग आणणाऱ्या कॉक्सिडिया परजीवीची कवचधारी अंडी उष्णता न लागलेल्या खतात दीर्घकाळ जिवंत राहतात.

कातडं ढिगात घालणं मला उधळपट्टी वाटते. शिवाय केसांचं केराटिन लवकर कुजतही नाही. मीठ आणि तुरटीच्या पाण्यात मुरवून ते टिकवता येतं. तेही नको असेल तर कातड्यातल्या कोलॅजनला पाण्यात मंद उष्णता दिली की सरस होतो. सशाच्या कातड्याचा सरस चित्रकार शतकानुशतकं कॅनव्हासला लावत आले. तो हवेतली ओल शोषून फुगतो-आक्रसतो आणि जुन्या तैलचित्रांना तडे जाण्यामागे त्याचाही हात आहे. सशाच्या उरलेल्यातून किती काय निघावं याला सुमार नाही: रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजण्याची चाचणी आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये दिली, तिच्यात सशाच्या मेंदूचा अर्क वापरला होता.

जागा नसेल तर पुरणं उरतं. अवशेषांवर निदान दोन फूट माती हवी, विहिरीपासून लांब आणि भूजल वर असेल तिथे अजिबात नको. वर चुना टाकला की लवकर विरघळतं, हा समज खोटा आहे. डुकरांच्या प्रेतांवर केलेल्या प्रयोगांत चुन्याने कुजणं लांबलं. त्याने वास आणि माश्या कमी होतात, एवढंच. काही ठिकाणी घरी पुरण्या-कुजवण्यावर कायद्याने बंधनं आहेत, ती आधी विचारून घ्यावीत.

इथवरचं सगळं निरोगी सशाबद्दल. आपोआप मेलेला किंवा आतून रक्तस्राव दिसणारा ससा या हिशोबात बसत नाही. सशांच्या रक्तस्रावी रोगाचा विषाणू १९८४ मध्ये चीनमध्ये प्रथम दिसला, त्याचा नवा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये. त्याला चरबीचं बाह्य आवरण नसल्याने तो चिवट आहे, प्रेतात महिनोन्महिने टिकतो आणि गोठवण्यानेही मरत नाही. ऑस्ट्रेलियाजवळच्या वॉर्डँग बेटावर १९९५ मध्ये त्याची बंदोबस्तात चाचणी चालू होती. तिथून तो मुख्य भूमीवर पोचला आणि संशय माश्यांवर आला. अशा सशाला घरच्या ढिगात जागा नाही. पशुवैद्याला कळवावं, दुहेरी पिशवीत बंद करावं आणि ते सांगतील तसं जाळावं किंवा खोल पुरावं. पेंटोबार्बिटलचं इंजेक्शन देऊन मारलेला ससाही ढिगात घालू नये. ते औषध कंपोस्टमध्ये वर्षभरानंतरही सापडलेलं आहे आणि प्रेत उकरून खाणारा प्राणी त्याने मरतो.

सुरी, पाट आणि बादली आधी साबणाने घासून मग एकास दहा प्रमाणातल्या ब्लीचमध्ये दहा मिनिटं बुडवावी. रक्ता-चरबीचा थर तसाच राहिला तर ब्लीच त्या थरावरच खर्च होतं आणि खालचा विषाणू जसाच्या तसा राहतो.