‘स्थिर आवृत्ती’ नावाचा घोळ: आमच्या रिलीजच्या वादाची पार्श्वभूमी

वाद दिसायला साधा आहे. मजुरी आणि सुताचा हिशोब ठेवणाऱ्या आमच्या मुक्त (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्डा जत्रेच्या आधी काढायची, की राहिलेलं सगळं पुरं झाल्यावर? सात-आठ जणांचा गट, त्यातले निम्मे नोकरीपायी पुण्यात, तरी दिवाळीपासून दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, तारीख दिली की पाळायची, राहिलेलं पुढच्या खेपेला. दुसरी म्हणते, अर्धी कच्ची भाकरी तव्यावरून उतरवायची नाही. मी पहिल्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ठिणगी पडली ती सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात. तिथला पीसी मागांच्या शेडला लागूनच असतो. तूस जाऊन पंखा चोंदू नये म्हणून सीपीयूवर जुना टॉवेल पांघरलेला. मालक साठीचे, घरात तेलुगू, धंद्यात मराठी. प्रोग्रॅम उघडताना पडद्यावर येणाऱ्या ‘स्थिर आवृत्ती’ या पाटीवर त्यांनी बोट ठेवलं.

“स्थिर म्हंजे काय ओ सर? बंद पडणार नाही, का बदलणार नाही?”

“दोन्ही, अण्णा.”

“मग गेल्या महिन्यात उचलीचा रकाना डावीकडनं उजवीकडं कसा गेला?”

नव्या जागच्या रकान्यात उचल पुन्हा भरली गेली होती आणि एका विणकराच्या आठवड्याच्या मजुरीतून ती दोनदा वजा झाली होती. प्रोग्रॅम एकदाही बंद पडला नव्हता. आमच्या लेखी तो स्थिर होता.

अण्णांचा प्रश्न जुना आहे. अगदी सुरुवातीच्या काळात तो उद्भवतच नव्हता. १९९१ मध्ये लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची, पहिली आवृत्ती आली तेव्हा लिहिणारा आणि रिलीज काढणारा माणूस एकच होता. मनाला आलं की काढली. लिहिणारे आणि तयार संच करून वाटणारे वेगळे झाल्यावर भांडण सुरू झालं. १९९५ च्या डिसेंबरात एका सीडी विक्रेत्याने डेबियन या लिनक्स संचाची अर्धवट अवस्था उचलली आणि १.० म्हणून विकायला काढली. ती धड चालत नव्हती. खऱ्या रिलीजला तो आकडा वापरायची सोयच उरली नाही, म्हणून १९९६ च्या जूनमध्ये थेट १.१ आली. १.० नावाची डेबियन प्रकल्पाने कधी काढलीच नाही. आमच्या पिढीने लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवर, त्यामुळे या गोष्टीचं मला जरा जास्तच कौतुक आहे.

खरा घोळ पुढे. कर्नलमध्ये मधला आकडा सम असेल तर शाखा स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची, अशी रीत होती. २.२ आणि २.४ वापरायच्या, २.३ आणि २.५ मध्ये मोडतोड करायची. २.४ जानेवारी २००१ मध्ये स्थिर म्हणून बाहेर पडली. त्याच सप्टेंबरात २.४.१० मध्ये मेमरीचा कारभार सांभाळणारा भागच उपटून त्या जागी दुसऱ्याने लिहिलेला बसवला गेला. स्थिर शाखेत! माग चालू असताना ताण्याचा बीम बदलावा तसं. ऑक्टोबरात २.४.११ निघाली आणि दोन दिवसांत तिच्या जागी २.४.१२ द्यावी लागली. मागे घेतलेल्या आवृत्तीच्या नावाला ‘डोंटयूज’ अशी शेपटी लावली गेली. नोव्हेंबरात २.४.१५ आली, तिच्यात डिस्क अनमाउंट करताना, म्हणजे सोडवताना, फाइल सिस्टिम खराब होत असे. काही दिवसांत २.४.१६ निघाली. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी नेमकी २.४.१५ उतरवून आणली होती, म्हणून हे आकडे पाठ आहेत.

बदल करणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. जुना भाग ताण आला की गुदमरत होता आणि २.६ ची वाट पाहायची तर ती आली डिसेंबर २००३ मध्ये. चालत नसलेली गोष्ट ‘स्थिर’ नावाखाली दोन वर्षं तशीच ठेवायची का? उलट बाजू विचारत होती, मग त्या शाखेला स्थिर म्हणता तरी कशाला? तोवर वाटणाऱ्या कंपन्या २.५ मधली हवी ती कामं उचलून आपापल्या २.४ वर कलम करत होत्या. नाव तेच, आतला माल दुकानागणिक वेगळा.

२००४ च्या उन्हाळ्यात कर्नलच्या मुख्य मंडळींनी प्रयोगाची २.७ शाखा उघडायचीच नाही असं ठरवलं. नवं काम २.६ मध्येच येणार आणि ज्याला टिकाऊ माल हवा त्याने आपल्या वाटपात तो टिकाऊ करून घ्यावा. माझ्या मते मुक्त सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या इतिहासातला हा सगळ्यात धीट निर्णय, आणि सगळ्यात अंग काढून घेणाराही. पुढे मार्च २००५ मध्ये २.६.११.१ पासून शेपटाच्या आकड्यांची वेगळी मालिका सुरू झाली. तिचे नियम कडक: पॅच, म्हणजे बदलाचा तुकडा, आजूबाजूच्या ओळींसकट शंभर ओळींच्या आत आणि खराखुरा बग दुरुस्त करणाराच. त्यानंतर आलेली पद्धत आजही चालते. दोन आठवडे नवं काम घ्यायचं, मग दार लावून दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती, आणि नऊ-दहा आठवड्यांत रिलीज. मुख्य आकड्यात तर काहीच अर्थ उरला नाही. २०११ मध्ये २.६.३९ नंतर ३.० आली ती मधले आकडे फार लांबले म्हणून.

डेबियनने तोच शब्द दुसऱ्या टोकाने धरला. तिथे स्थिर म्हणजे न हलणारं. ३.० निघाली जुलै २००२ मध्ये, ३.१ जून २००५ मध्ये. ‘तयार झाल्यावर काढू’ या बाण्यापायी लोक जवळजवळ तीन वर्षं जुन्या माळ्यावरचं सामान वापरत बसले. आणि एवढं थांबून निघालेल्या ३.१ च्या सीडीवर सुरक्षेच्या दुरुस्त्या कुठून घ्यायच्या ती ओळ बंद करून ठेवलेली होती, तीही ‘स्थिर’ऐवजी अजून तयार होत असलेल्या ‘चाचणी’ शाखेकडे बोट दाखवणारी. सीड्या सुधारून पुन्हा काढाव्या लागल्या. थांबलं की माल पक्का होतो असं म्हणणाऱ्या आमच्या मित्रांना मी हे वारंवार ऐकवतो.

मराठीत या शब्दाचं ओझं आणखी वाढलं. पाणी स्थिर असतं, सरकार स्थिर असतं, आणि ‘पेशंट स्थिर आहे’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा तो बहुधा आयसीयूत असतो. आमच्यात एकाने ‘पक्की आवृत्ती’ सुचवलं होतं. सोलापुरात पक्का म्हटलं की आधी चादरीचा रंग आठवतो, कितीही धुतला तरी न जाणारा. मला शब्द आवडला होता. धुतल्यावरची हमी कोण देणार, या मुद्द्यावर तो पडला.

पैशाचा वाद इथे थोडक्यात सांगतो. २००६ मध्ये डेबियनच्या दोन रिलीज मॅनेजरांना एकेक महिना पगार देऊन पूर्णवेळ बसवायचा प्रयोग झाला, ४.० डिसेंबरात काढायची होती. बाकी सगळे फुकट राबतात आणि या दोघांनाच का, म्हणून काहींनी हात आखडता घेतला. प्रकल्पप्रमुखाला काढण्याचा ठरावही आला, तो फेटाळला गेला. आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये निघाली. उशीर फक्त त्यामुळे झाला म्हणणं अन्यायाचं होईल, पण गावजेवणात एकालाच दक्षिणा दिली की पंगतीत काय होतं ते कुणालाही कळावं.

दरम्यान तारीखवाल्यांचं राज्य आलं होतं. ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप २००२ पासून दर सहा महिन्यांनी निघू लागलं. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स संचाने २००४ मध्ये वर्ष आणि महिना हाच आकडा केला. २००६ मध्ये एकदाच त्यांनी सहा आठवडे उशीर केला, तर ५.१० नंतर ६.०४ न येता ६.०६ आली. उशीर नावातच छापला गेला. हा प्रामाणिकपणा मला भावतो. फायरफॉक्सने २०११ मध्ये दर सहा आठवड्यांना नवी आवृत्ती सुरू केली तेव्हा कचेऱ्यांतून ओरड झाली, आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांच्यासाठी सावकाश बदलणारी वेगळी आवृत्ती काढावी लागली. मराठी भाषांतर करणाऱ्यांना तारखेचा फायदा वेगळाच. अमुक दिवसानंतर पडद्यावरचा मजकूर बदलणार नाही असं ठरलं, तरच भाषांतर पुरं होतं. नाहीतर मेन्यू मराठीत आणि शेवटच्या रात्री घुसडलेलं बटण इंग्रजीत.

मार्च २०२४ च्या एक्सझेड प्रकरणाने मात्र दोन्ही तटांना गप्प केलं. फाइली दाबून लहान करणारी ही साधी लायब्ररी एकटा माणूस थकत-थकत सांभाळत होता. रिलीज का निघत नाही, पॅच का पडून आहेत, असा तगादा लावणारी काही खाती २०२२ मध्ये उगवली. नंतर ती बनावट असल्याचा संशय बळावला. दमलेल्या माणसाने एका मदतनिसाला अधिकार दिले. त्या मदतनिसाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा निघाला. त्याला जोडणारी कळ गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदवहीत, नव्हतीच, फक्त वाटायच्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या बांधलेल्या गाठोड्यात, होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून एकाने खणून पाहिलं तेव्हा सापडलं. डेबियनची चाचणी शाखा त्यात सापडली, जुनाट ‘स्थिर’ शाखा वाचली. हे मला लिहावं लागतंय, पण तसंच घडलं.

म्हणून आमच्या ताज्या बैठकीत तारखेपेक्षा टारबॉलवरच जास्त वेळ गेला. पाटीवरून ‘स्थिर’ काढून तिथे निघाल्याची तारीख आणि दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील तो महिना टाकायचा, एवढं ठरलं. १५ डिसेंबरनंतर रकाने, बटणं आणि मजकूर जागचे हलवायचे नाहीत. टारबॉल एकाने बनवायचा, दुसऱ्याने स्वतःच्या मशीनवर टॅगवरून (गिटमध्ये त्या आवृत्तीला लावलेल्या खुणेवरून) पुन्हा बनवून ताडून पाहायचा. माल आमचाच आहे अशी डिजिटल सही करायची चावी मात्र एकाच्याच लॅपटॉपमध्ये आहे आणि तो शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येतो. दुसरी चावी कुणाकडे द्यायची यावर अजून एकमत नाही. अण्णांनी सीपीयूवरच्या टॉवेलला टाचणीने चिठ्ठी लावली आहे, ‘अपडेट करू नये’. ती कधी काढणार विचारलं, तर म्हणाले, गड्डा झाल्यावर बगू.