स्वमग्न आई-वडिलांना घरी मदतनीस ठेवायचा असेल तर: कागद, अर्ज आणि बाईशी बोलणी

अर्जात ‘मदत कशासाठी हवी’ असा रकाना आला की बहुतेक जण एकच ओळ लिहितात: अर्जदार दिव्यांग आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या माझ्या नात्यातल्या एका जोडप्याचंही तेच झालं. दोघंही स्वमग्न (ऑटिस्टिक), दोघंही कमावते, पदरात तीन वर्षांची मुलगी. अर्ज परत आला. नोकरी करणाऱ्या माणसांना घरात मदतनीस कशाला, असा प्रश्न कागद बघणाऱ्याला पडला. प्रश्न खवचट होता, पण त्याचं उत्तर आमच्या कागदातही नव्हतं.

आधी कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नता हे २१ प्रकारांपैकी एक दिव्यांगत्व आहे. कलम ५ मध्ये समाजात राहण्यासाठी लागणाऱ्या सेवांत वैयक्तिक मदतीचा थेट उल्लेख आहे. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता आहे, तर कलम ३८ मध्ये ती गरज तपासून घेण्यासाठी अर्ज करण्याची वाट आहे. पण कलम २४ मध्येच सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असेही शब्द आहेत. म्हणून मदतनीस बाईचा पगार सरकार भरेल असं गृहीत धरून कुणाला शब्द देऊ नका. आधी आपल्या खिशाचा हिशोब मांडा, मग सरकारी रक्कम त्याला जोडा.

पहिला कागद म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा. आधार, राहण्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा, आणि आधीचे उपचाराचे कागद असतील तर तेही जोडायचे. तपासणी सहसा आपल्याच जिल्ह्यात होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाने नंदुरबारची एसटी धरण्याआधी ऑनलाइन अर्ज करून तपासणीची तारीख घ्यावी, नाहीतर दिवस वाया जातो. निदानच झालेलं नसेल तर आधी मानसोपचार विभाग गाठा. जळगाव आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कुठे जावं हेच कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करून विचारता येतं.

मोठ्या माणसांचं घोडं अडतं ते तपासणीत. स्वमग्नता मोजायला ‘आयसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० गुणांना ४० टक्के दिव्यांगत्व धरतात, आणि पुढचे बहुतेक लाभ या ४० टक्क्यांवरच टांगलेले असतात. वर्षानुवर्षं लोकांत वावरून नजर मिळवायला आणि हसायला शिकलेली स्वमग्न बाई डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटं नीट बोलते, आणि ‘यांना काय झालंय?’ असं होतं. म्हणून लहानपण पाहिलेलं माणूस सोबत न्या, आई, मावशी, थोरली बहीण, कुणीही. शाळेचे जुने शेरे असतील तर तेही न्या. आमच्या वहिनीसोबत, म्हणजे त्या जोडप्यातल्या बायकोसोबत, तिची आई गेली आणि अहिराणीत सांगत सुटली, की पोर लग्नात बँड वाजला की कोठीत जाऊन बसायची. ती एक गोष्ट चार पानी अहवालाच्या तोडीची ठरली.

आता तो ‘मदत कशासाठी हवी’ चा रकाना. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टखालच्या नियमांत मोठ्या माणसाची गरज तपासताना, मुलांचा सांभाळ त्याला जमतो का, हा स्वतंत्र मुद्दा आहे. आपल्याकडे तसं कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून आपणच लिहायचं. दुसऱ्या अर्जात आम्ही लिहिलं: ‘कुकरची शिट्टी, टीव्ही आणि मुलीचं रडणं एकत्र आलं की आईला काही मिनिटं बोलता येत नाही. तेव्हा मुलीकडे बघायला मोठं माणूस हवं. लसीकरणाची तारीख, अंगणवाडीतले निरोप आणि दवाखान्यातली बोलणी लक्षात ठेवून करून देणारं कुणी हवं. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन.’ टक्के प्रमाणपत्रात असतातच. अर्जात कामं आणि तास हवेत.

हा अर्ज यूडीआयडीच्या प्रतीसह जिल्ह्याच्या दिव्यांग कार्यालयात द्या आणि कलम ३८ चा उल्लेख करा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पैशांच्या वाटा दोनच धड आहेत. संजय गांधी निराधार योजनेत ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. त्यामुळे कमावती घरं बाहेरच पडतात. अर्ज तहसीलला, सोबत उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला आणि बँक पासबुक. दुसरी वाट ग्रामपंचायत किंवा पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी. तो मार्चच्या तोंडावर मागाल तर संपलेला असेल.

इथे एक इशारा. ‘यांची सही कशी चालेल, आधी कायदेशीर पालक नेमा’ असं बँकेत किंवा भाऊबंदकीत कुणीतरी म्हणतंच. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालक नेमता येतो, हे खरं. पण नुसती मदतनीस ठेवायला त्याची गरज नाही. स्वमग्न असल्याने सज्ञान माणसाचा सहीचा हक्क जात नाही, २०१६ च्या कायद्याचं कलम १३ त्यासाठीच आहे. मदतीच्या नावाखाली मुलांचे आणि शेताचे निर्णय दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका.

बाई शोधताना घरकाम येतं का, हे शेवटी विचारा. आधी बघायचं ते हे, की गप्प बसलेल्या माणसाला ‘काय व्हयनं, काय व्हयनं’ (काय झालं) म्हणून ती भंडावणार तर नाही? आणि मुलीसमोर ‘तुझ्या आईला काही कळत नाही’ असं म्हणणार तर नाही? दुसरा प्रश्न तोंडावर विचारता येत नाही, म्हणून महिनाभर चाचणी ठेवा. आधारची प्रत घ्या आणि पोलीस पडताळणी करून घ्या. कागदावर साध्या मराठीत लिहा: तास, पगार, सुट्ट्या, मुलीला मारायचं नाही, घरातलं गावात सांगायचं नाही, आणि सूचना आई-वडिलांकडूनच घ्यायच्या, सासूकडून नाही. शेवटची अट आमच्याकडे सर्वांत जास्त उपयोगी पडली. सही दोघांची, बाईलाही एक प्रत. पगार बँकेतून द्या, उद्या कुठे खर्च दाखवायचा झाला तर नोंद राहते.

आणि त्याच कागदावर अखाजीचंही (अक्षय तृतीयेचं) लिहून ठेवा. त्या दिवसांत बाई माहेरी जाणार, थांबवू नये आणि थांबणारही नाही. आमच्या घरी ऐनवेळी आलेल्या अनोळखी बदलीने वहिनीचा तोल गेला होता. आता बदलीवर येणारी आठ दिवस आधीपासून रोज तासभर नुसती येऊन बसते.