घरविम्याची जाहिरात आणि तळाची ओळ

‘विमा हा आग्रहाचा विषय आहे.’ विम्याच्या मराठी जाहिरातींखाली वर्षानुवर्षे छापली जाणारी ही ओळ कशापासून सावध करते, हे ती वाचून कळत नाही. पण ग्राहकाला जपण्याचे बरेच ओझे तिच्यावरच टाकले गेले.

१९७३ पासून सर्वसाधारण विमा, म्हणजे आयुर्विमा सोडून बाकीचा विमा, चार सरकारी कंपन्यांकडे होता. आगीच्या विम्याचे दरही ठरवून दिलेले. त्यामुळे जाहिरातबाजीला फारसे कारण नव्हते. १९९९च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि २००० मध्ये विमा नियामकाने जाहिरातींचे नियम आणले. पॉलिसी जे देऊ शकत नाही त्याचे आश्वासन देणारी, किंवा अटींशी न जुळणारे फायदे सांगणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरली. पुढे १ जानेवारी २००७ पासून दरही खुले झाले.

नियम चांगलेच होते. पण घराच्या बाबतीत अडचण जाहिरातीत कमी आणि पॉलिसीत जास्त होती. समजा, घर पुन्हा बांधायला ४० लाख लागतात आणि विमा २० लाखांचा आहे. पुरात ४ लाखांचे नुकसान झाले, तर हातात येणार २ लाख, कारण विमा निम्म्याच किमतीचा. शिवाय विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही. फ्लॅटचा बाजारभाव तिथे लागू होत नाही. जाहिरातीतला एकही शब्द खोटा नसताना माणूस फसू शकत होता. कुठल्याही तळटीपेने हे सुटले नसते.

म्हणून मला १ एप्रिल २०२१ ही तारीख सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या दिवसापासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी कंपन्यांना बंधनकारक झाली. घराचे क्षेत्रफळ बरोबर सांगितले असेल, तर कमी विम्याची ती कपात होत नाही. चार महिन्यांच्या आतच चिपळूण, महाड पुराच्या पाण्याखाली गेले. जाहिरातींचे नियमही त्याच वर्षी नव्याने लिहिले गेले. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सर्वच जाहिरातींना बजावले की, दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरांत, खुलासाही त्यातच हवा. मराठी जाहिरातीखाली बारीक इंग्रजी मजकूर देण्याला त्याने आधारच उरला नाही.

चोरीचा प्रश्न मात्र आहेच. या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, भूकंप अशा घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ‘घर सुरक्षित’ म्हणत कुलपाचे चित्र दाखवायचे असेल, तर हे वाक्य त्या कुलपाशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असायला हवे.