जीवाश्मसंग्रहातील आवडता नमुना (नाशिक)

जीवाश्म जमवणाऱ्यांनी आपल्या खणातला एकेक आवडीचा नमुना काढून इतरांपुढे ठेवणे, त्याची हकिगत सांगणे आणि तो हातोहात फिरवणे ही जगभरच्या संग्राहकांची रीत आहे. नाशिकमध्ये तिला वेगळेपण येते ते इथल्या जमिनीमुळे. शहर ज्या खडकावर वसले आहे तो लाव्ह्याचा, आणि त्यात जीवाश्म जवळजवळ नाहीतच. त्यामुळे नाशिककराच्या खणातला बहुतेक प्रत्येक जीवाश्म परगावचा पाहुणा असतो, आणि तो कुठून आला हे सांगणारी चिठ्ठी दगडाइतकीच मोलाची ठरते.

जिल्ह्याचा खडक दख्खन ट्रॅपचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. अंजनेरी, ब्रह्मगिरी, सप्तशृंगी आणि १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर हे सगळे त्याच थरांचे पायऱ्यापायऱ्यांनी झिजत उरलेले भाग. पांडवलेणी कोरली तीही याच काळ्या दगडात. जीवाश्म होण्यासाठी मेलेला जीव लवकर गाळाखाली पुरला जावा लागतो. हजार अंश सेल्सिअसहून तप्त लाव्ह्यात तशी सोय कुठून असणार? मात्र दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात त्या पठारावर तळी साचत, त्यांत गाळ बसे आणि पुढचा लाव्हा त्या गाळावर झाकण घाली. अशा मधल्या थरांत जीवाश्म मिळतात. मुंबईत वरळीला अशाच थरात सापडलेल्या चिमुकल्या बेडकांचे वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केले. आज त्यांना इंडोबॅट्राकस पुसिलस म्हणतात. नागपूर-चंद्रपूरकडे हे थर अधिक भेटतात. सह्याद्रीच्या अंगाला लाव्ह्याची रास जाड, आणि मधले थर विरळ.

या खडकाने नाशिकला जीवाश्मांऐवजी स्फटिक दिले. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त गरम पाणी झिरपले आणि झिओलाइट गटातली आणि त्यांच्या सोबतीची खनिजे वाढली. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींतले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट देशोदेशींच्या संग्रहांत आहे, आणि सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतले गारगोटी संग्रहालय याच खनिजांसाठी ओळखले जाते. इथला दगडवेडा माणूस म्हणूनच बहुधा स्फटिकांपासून सुरुवात करतो आणि मग कधीतरी जीवाश्मांकडे वळतो.

ते वळणे सोपे नाही, कारण जीवाश्मासारखे दिसणारे पुष्कळ काही याच मातीत मिळते. बेसॉल्ट, म्हणजे हा लाव्ह्याचा काळा दगड, कुजताना त्याचे गोल गोळे सुटतात आणि गोळ्यावरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर निघतात; विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी डोंगर कापताना असे गोळे उघडे पडले की डायनासोरची अंडी सापडल्याची आवई उठते. अंड्याचे कवच दोन-तीन मिलिमीटर जाडीचे, ठरावीक रचनेचे असते आणि त्यावर सूक्ष्म छिद्रे असतात. कुजलेल्या बेसॉल्टच्या पापुद्र्याखाली नुसता आणखी एक पापुद्रा निघतो. दगडाच्या चिरेत मँगनीजच्या ऑक्साइडची नाजूक काळी नक्षी पसरते, तिला लोक नेच्याचे पान समजतात. खऱ्या पानाला मधली शीर असते, फांद्या फुटण्याला शिस्त असते. ही नक्षी मात्र चिरेच्या कडेपासून आत कशीही धावते. स्टिल्बाइटचे पंखे आणि स्कोलेसाइट या खनिजाची सुयांची फुले पाहून फसलेलेही कमी नाहीत. नाशिकच्या संग्राहकाचे पहिले शिक्षण म्हणजे जीवाश्म काय नाही ते ओळखणे, आणि ते इथे इतर कुठल्याही शहरापेक्षा चांगले होते असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

देवघरातला जीवाश्म. नाशिकमधला सर्वांत जुना जीवाश्मसंग्रह काचेच्या कपाटात नव्हे, देवघरात आहे. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांत ताम्हणात ठेवलेला शाळिग्राम हा अमोनाइटाचा जीवाश्म असतो. अमोनाइट म्हणजे समुद्रात राहणारा, आजच्या माकुळाच्या दूरच्या नात्यातला, गुंडाळलेल्या शंखाचा प्राणी. त्याच्या शंखाला आतून पडद्यांनी पाडलेले कप्पे असत. शेवटच्या मोठ्या कप्प्यात प्राणी राही आणि मागच्या कप्प्यांतल्या वायूच्या आधाराने तो पाण्यात तरंगे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकण्याआधी जिथे टेथिस समुद्र होता, तिथल्या काळ्या चिखलात जुरासिक कल्पाच्या उत्तरार्धात हे शंख गाडले गेले. त्यांच्याभोवती खनिजे जमून कठीण गोटे बनले. पुढे त्याच समुद्रतळाचा हिमालय झाला आणि नेपाळमधील काली गंडकीने तो चिरत हे गोटे पात्रात आणून टाकले. मुक्तिनाथाच्या यात्रेहून येणारे भाविक ते शतकानुशतके घरी आणत आले.

शाळिग्रामावरचे चक्र म्हणजे त्या शंखाचा वेटोळा, आणि चक्रातल्या आऱ्या म्हणजे शंखाच्या पाठीवरच्या कंगोऱ्यांचा ठसा. चक्रे किती, मुख कुठे, रंग कसा यावरून लक्ष्मीनारायण, सुदर्शन, नृसिंह अशी नावे ठरतात. नमुन्याचे बारकाईने निरीक्षण करून त्याला नाव देण्याची ही पद्धत पाश्चात्त्य जीवाश्मशास्त्राहून खूप जुनी आहे, आणि तिला संग्राहकाने आदराने पाहावे. काही शाळिग्रामांत सोनेरी झाक दिसते ती पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाची. पंचायतनातल्या पाच दगडांपैकी (विष्णूचा शाळिग्राम, शिवाचा नर्मदेतला बाण, गणपतीचा शोण नदीतला तांबडा दगड, सूर्याचा स्फटिक आणि देवीचा सुवर्णमाक्षिक) जीवाश्म एकटा शाळिग्राम.

अमोनाइट पृथ्वीवरून नाहीसे झाले ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे नाशिकचा खडक ओतला जात होता त्याच सुमारास. काळ्या दगडाच्या जोत्यावर उभ्या वाड्यात, काळ्या दगडाच्या कोनाड्यात, पळीभर पाण्याने रोज न्हाणारा तो शंख आणि खालचे जोते यांची अशी गाठ आहे. आजीने सांगितलेली तुळशीच्या लग्नाची गोष्ट आणि ही गोष्ट एकमेकींना खोडत नाहीत. आवडता नमुना कोणता असे विचारल्यावर देवघराकडे बोट दाखवणारा माणूस नाशिकमध्ये भेटतो, आणि तो दगड खाली टेबलावर येत नाही; पाहणाऱ्याने हातपाय धुऊन तिथे जायचे असते.

टेबलावर काय येते. कच्छचे जुरासिक अमोनाइट बहुधा पहिले. त्यांची शास्त्रीय ओळख जीवाश्मतज्ज्ञ विल्हेल्म वागेन यांच्या १८७३ ते १८७५ मधल्या कामापासून पक्की झाली. पिवळसर-तपकिरी, चुनखडीचे, तळहाताएवढे; त्यांच्या पाठीवर कप्प्यांच्या पडद्यांच्या नागमोडी रेघा भिंगाशिवायही दिसतात. मग सिलिकाने पेशीन् पेशी भरून काढलेल्या झाडाच्या बुंध्याचा तुकडा येतो. त्याचे वजन हातात घेईपर्यंत पटत नाही. गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळच्या वडधम येथील आणि मध्य प्रदेशातल्या घुघुवा येथील जीवाश्म उद्याने अशा लाकडासाठी प्रसिद्ध आहेत, पण तिथून कपचीही उचलायची नाही. ती पाहून यायची ठिकाणे आहेत.

सर्वांत जास्त बोलणे मात्र दिसायला सर्वांत सामान्य असलेल्या नमुन्यावर होते, आणि तो म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची अश्मीभूत विष्ठा. करड्या, सुरकुतलेल्या गोळ्या; नवखा त्या बाजूला सारतो. या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले आणि डायनासोरांच्या काळात गवत होते हे त्यामुळे कळले. त्याआधी चित्रांत डायनासोरांच्या पायाखाली गवत काढले की चूक धरली जाई. अशा एका गोळीपुढे झळाळीचा मादागास्करी अमोनाइट फिका पडतो.

विकत घेतलेल्या नमुन्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. मोरोक्कोच्या ट्रायलोबाइटांत (समुद्रातल्या, नामशेष झालेल्या कवचधारी प्राण्यांत) रेझिनचे साचे पुष्कळ फिरतात. भिंगाखाली हवेचे बारीक बुडबुडे दिसले, दोन नमुने तंतोतंत सारखे निघाले किंवा अतिनील टॉर्चखाली जोडकाम वेगळे चमकले, की संशय घ्यावा. नकली नमुना लपवू नये, सर्वांना दाखवावा. त्यावर इतरांचा डोळा तयार होतो.

चिठ्ठी. जाणता संग्राहक नमुना पुढे ठेवताना आधी चिठ्ठी वाचतो: ठिकाण, खडकाचा थर, तारीख, कुणी दिला. आवडता नमुना सहसा सर्वांत देखणा नसतो; ज्याची चिठ्ठी भरलेली असते तो असतो. सुंदर पण बेपत्ता दगड शोभेचा होतो, त्यातून काही शिकता येत नाही. प्रस्तुत लेखकाकडे आजोळहून आलेला एक शंख आहे. त्यासोबतचा कागद एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ला आणि तो कच्छचा की तमिळनाडूतल्या अरियलूरचा हे आता सांगता येत नाही. तेव्हापासून नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक घालायचा आणि तोच क्रमांक वहीत लिहायचा, ही सवय लागली. ठिपका नमुन्याच्या मागच्या बाजूला, महत्त्वाच्या भागापासून दूर द्यावा.

नमुना हातोहात देताना खाली जाड पंचा किंवा ताट ठेवतात, कारण फरशीवर पडलेला जीवाश्म पुन्हा जुळत नाही. फोटो काढायचा तर सकाळचे तिरपे ऊन चांगले: कंगोरे आणि रेघा सावलीने उठून दिसतात. आकार कळावा म्हणून शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवतात. त्याचा व्यास २७ मिलिमीटर.

पावसाळ्याची निगा हा नाशिकमध्ये वेगळा विषय. पायराइट असलेल्या जीवाश्मात हवेतला ओलावा शिरला की पायराइटचे ऑक्सिडीकरण होते, गंधकाम्ल तयार होते आणि पांढरी-पिवळी भुकटी धरून नमुना आतून फुटतो. खण उघडताच गंधकासारखा उग्र वास आला तर उशीर झालेला असतो. असे नमुने घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि पुड्या दर काही आठवड्यांनी तापवून कोरड्या कराव्यात. फुटलेले हाड फेव्हिकॉलने चिकटवू नये. तो डिंक नंतर नीट काढता येत नाही. ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ हे चिकटद्रव्य संग्रहालयांत वापरतात, कारण ते पुन्हा ॲसिटोननेच सोडवता येते.

गोदावरीची हाडे. नाशिकचा स्वतःचा जीवाश्म बेसॉल्टात नाही, नदीच्या गाळात आहे. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांच्या काठी जुन्या गाळाचे उंच कडे आहेत: खाली चुन्याने सांधलेला गोट्यांचा थर, वर पिवळट माती, तीत कंकर, म्हणजे चुन्याचे खडे. गंगापूरच्या परिसरातल्या अशा थरांतून पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया यांनी अश्मयुगीन हत्यारे अभ्यासली. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरजवळच्या गाळातून हत्तीची कवटी मिळाली आणि ब्रिटिश भूशास्त्रज्ञ गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये गोदावरीच्या गाळातल्या या प्राचीन हत्तीवर लिहिले. त्या जातीला आज पॅलिओलॉक्सोडॉन नॅमॅडिकस म्हणतात. नर्मदेच्या गाळावरून यातले 'नॅमॅडिकस' हे नाव फॉकनर आणि कॉटली या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश अभ्यासकांनी दिले होते. आजवर होऊन गेलेल्या सर्वांत मोठ्या भूचर सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते. आज जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो पाहायला गर्दी होते तिथे एकेकाळी हा हत्ती पाणी पीत होता, हे नाशिकच्या शाळांत पहिल्या धड्यात सांगायला हवे.

पूर ओसरल्यावर अशा कड्यांतून कधी तपकिरी, जड, चुन्याची पुटे चढलेला तुकडा डोकावतो. तो जिभेच्या टोकाला किंचित चिकटला तर बहुधा सच्छिद्र हाड. बहुतेक दगड असे चिकटत नाहीत. इथे संग्राहकाची खरी परीक्षा असते. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि तिथून परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. भूवारसास्थळे आणि भूअवशेष जपण्यासाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. पण कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी थरातून उपटलेल्या हाडाचे निम्मे सांगणे तिथेच सांडते: वर कोणती माती, खाली कोणते गोटे, शेजारी हत्यार होते का. म्हणून जाणकार तुकडा जागेवर ठेवतो, कड्याचा पूर्ण फोटो काढतो, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपतो आणि भूशास्त्र किंवा पुरातत्त्व विभागाच्या अभ्यासकाला कळवतो. मग आवडता नमुना दाखवायची वेळ येते तेव्हा इतरांच्या कच्छ-मोरोक्कोच्या दगडांशेजारी तो एक कागदी फोटो मांडतो: पिवळ्या मातीचा कडा, त्यातून दिसणारे बोटभर हाड आणि त्याखाली टेकवलेले दहा रुपयांचे नाणे.