पार्श्वभूमी : प्रभूची वाट पाहणारं नाशिक

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा पुणे रस्त्यावर मुंबई-वसईकडच्या गाड्यांची रांग लागते. मेणबत्त्या, फुलं आणि नवसाचे कागद हातात घेऊन माणसं तासन् तास उभी असतात. त्यांत कॅथलिक असतात, प्रोटेस्टंट असतात आणि ख्रिस्ती नसलेलीही पुष्कळ असतात. कुणाला मूल हवं असतं, कुणाला नोकरी. कुणाच्या घरी वर्षानुवर्षं हटत नसलेलं दुखणं असतं. त्यांच्यातल्या कुणाला विचारलं तर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं, "प्रभूची वेळ यायची आहे."

नाशिकच्या ख्रिस्ती घरांत हे शब्द रोजच्या बोलण्यात असतात. मुलीचं लग्न जमत नसेल, कंत्राटी कामगाराला कायम होण्याचं पत्र येत नसेल, तर पाळक, फादर किंवा शेजारची मावशी, कुणी ना कुणी ते बोलतंच. बाहेरच्याला त्यात नशिबावर हवाला टाकल्यासारखं वाटू शकतं. पण या वाट पाहण्याला मोठा इतिहास आहे आणि त्यातल्या बहुतेक माणसांचे हात वाट पाहताना रिकामे नव्हते. मला तरी त्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

नाशिकरोडला ज्या बाळ येशूची भक्ती चालते तिचं मूळ प्राग शहरात आहे. १६२८ मध्ये पॉलिक्सेना लोब्कोविच या सरदार घराण्यातल्या बाईने बाळ येशूची मूर्ती तिथल्या कार्मेलाइट साधूंच्या मठाला दिली. तीस वर्षांचं युद्ध तेव्हा पेटलेलं होतं. १६३१ मध्ये सॅक्सन फौजेने मठ लुटला आणि हात मोडलेली मूर्ती वेदीमागच्या कचऱ्यात जाऊन पडली. काही वर्षांनी सिरिल नावाचा साधू मठात परतला. त्याने ती शोधून काढली, पुसली आणि तिच्यापुढे पुन्हा प्रार्थना सुरू केली. हात बसवायलाही आणखी वेळ गेला. म्हणजे ज्या मूर्तीपुढे लोक धीर मागतात ती स्वतः काही वर्षं ढिगाऱ्यात पडून होती. नोव्हेनाला येणाऱ्या प्रत्येकाला ही कथा माहीत असायला हवी.

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. तिची मुळं प्रागच्याही फार मागे, यरुशलेमेतल्या एका माडीवर जातात. येशू स्वर्गात गेल्यावर शिष्यांना आज्ञा होती की शहर सोडू नका, वचन दिलेल्या आत्म्याची वाट पाहा. स्वर्गारोहण आणि पवित्र आत्मा उतरला तो पन्नासावा दिवस यांच्यामध्ये त्यांनी जे दिवस एकत्र प्रार्थनेत काढले, त्यांच्यावरून नऊ दिवसांच्या प्रार्थनेची रीत आली असं चर्च मानतं. त्या माडीवर येशूची आई होती, त्याचे भाऊ होते, काही स्त्रिया होत्या. किती दिवस थांबायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

जुना करार तर वाट पाहणाऱ्यांनी भरलेला आहे. अब्राहामाला वचन मिळालं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा १००. मधल्या २५ वर्षांत त्याचाही धीर सुटला. हागार या दासीपासून त्याने मूल मिळवलं आणि त्या घाईचं दुःख हागारेने व इश्माएलाने वाळवंटात भोगलं. योसेफाला भावांनी विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता, फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३०. मधली वर्षं दास्यात आणि तुरुंगात गेली, पण तिथेही त्याच्या अंगावर कारभार होता आणि तो त्याने चोख सांभाळला. बाबेलात कैद करून नेलेल्यांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहून कळवलं की ७० वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वाट कशी पाहावी याचं इतकं व्यवहारी मार्गदर्शन मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेलं नाही.

याच पवित्र शास्त्रात तक्रारीलाही जागा आहे, हे मात्र आपल्या मंडळ्यांमध्ये फार कमी बोललं जातं. स्तोत्रकर्ता देवाला उघड विचारतो की कुठवर, मला कायमचा विसरणार आहेस का? हबक्कूक संदेष्टा तर पहाऱ्याच्या बुरुजावर चढून उत्तराची वाट पाहतो. ज्यांना सोसवत नाही त्यांनी गप्प राहिलंच पाहिजे, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

पहिल्या शतकातल्या मंडळीत वाट पाहण्याचा गैर अर्थही निघाला. प्रभू आता लगेच येणार अशा समजुतीत थेस्सलनीकातल्या काहींनी कामधंदा सोडला आणि ते इतरांच्या घरी जेवू लागले. पौलाने त्यांना सुनावलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. तो स्वतः तंबू शिवून पोट भरत असे. याकोबाने आपल्या पत्रात दाखला दिला तो शेतकऱ्याचा, जो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहत धीर धरतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला तो दाखला समजावून सांगावा लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि घड तयार होईपर्यंत आभाळाकडे लागलेले डोळे, ही त्याची दर वर्षाची कहाणी. अवकाळी आणि गारपीट त्याच्या हातात नसते. फवारणी, विरळणी, पाणी मात्र त्याच्याच हातात असतं.

मराठीत या वाट पाहण्याची कथा पहिल्यांदा सविस्तर सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने (येशूसंघाच्या कॅथलिक धर्मगुरूने) ओवीबद्ध रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापलं गेलं. त्याचं पहिलं पुराण जवळजवळ सगळं तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांचं आहे. ज्ञानेश्वरांच्या आणि एकनाथांच्या ओवीवर वाढलेल्या कानांना ते परकं वाटलं नसणार.

नाशिकपुरती ही गोष्ट खरी सुरू होते शरणपूरला. चर्च मिशनरी सोसायटीने १८५५ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेला ख्रिस्ती वसाहत वसवली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे मुख्य चालक. पुढे १८६० च्या आसपास आफ्रिकी मुलांचा आश्रमही तिथे आला. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडत असे. त्यांतून सुटलेल्या मुलांना मुंबईला आणलं जाई आणि त्यांतली काही नाशिकला पाठवली जात. त्यांची देखभाल करणारे कार्ल विल्हेल्म आयसेनबर्ग यांनी आधी अबिसिनियात (आजच्या इथिओपियात) काम केलं होतं, अम्हारी भाषेचं व्याकरण लिहिलं होतं आणि तिथून त्यांना बाहेर पडावं लागलं होतं.

त्या मुलांचा विचार मनातून जात नाही. आपलं गाव नकाशावर कुठे आहे हे त्यांतल्या बहुतेकांना सांगता येत नव्हतं. आईबाप जिवंत आहेत की नाहीत, ठाऊक नाही. ती सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली, वाचायला शिकली, प्रार्थना करू लागली. परत जाता येईल असं कुणी त्यांना निश्चित सांगू शकत नव्हतं. १८६६ मध्ये प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत गेलेल्यांत नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं होती. याच शाळेतला जेकब वेनराइट पुढे १८७२ मध्ये त्यांना जाऊन मिळाला.

१८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं. जेकबने दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव-तारीख कोरली. मग देह वाळवून, गुंडाळून त्यांनी तो १५०० किलोमीटरांहून जास्त अंतर खांद्यावर वाहत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. त्याला नऊ महिने लागले. वाटेत आजार होते, लढाया होत्या, काही सोबती दगावले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत चालणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. पुढच्याच वर्षी प्राइस यांच्या पुढाकाराने मोंबासाजवळ फ्रेरेटाउन ही सुटलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली आणि शरणपूरच्या पुष्कळ आफ्रिकी ख्रिस्ती कुटुंबांनी तिच्या उभारणीला हातभार लावला. नाशिकला शिकलेली सुतारी आणि लोहारी तिथे उपयोगी पडली. शरणपूर रोडवर आज दुकानं आणि दवाखाने आहेत आणि ही कथा ऐकलेले नाशिककर फार थोडे. ती शाळेत शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी मोठी गोष्ट एका नवरा-बायकोची आहे. कवी नारायण वामन टिळक नाशिकला शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जवळच्याच जलालपूरचं, गोदावरीकाठचं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. सोवळंओवळं कडक, लोकांची बोलणी आणि डोळ्यांतलं पाणी, हे सगळं त्यांनी नंतर स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात कोणताही आव न आणता लिहिलं आहे. टिळक पत्रं पाठवत राहिले, कविता पाठवत राहिले, वाट पाहत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या, तरी आपला धर्म आणि आपलं स्वयंपाकघर राखूनच. जातीभेद माणसानेच केला आहे हे त्यांना स्वतःहून उमजलं, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी देवाची वाट पाहिली असं आपण म्हणतो ते खरंच आहे. पण लक्ष्मीबाईंच्या मनाचा मान राखून थांबणं हाही त्या विश्वासाचाच भाग होता. आणि त्या काळात अधिक काय सोसलं असेल तर ते लक्ष्मीबाईंनी, हेही लिहायलाच हवं.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगत. दिवाळीला माहेरहून न्यायला येणाऱ्या मुळाची वाट पाहणाऱ्या लेकीची तळमळ तुकोबांनी विठ्ठलाच्या भेटीला दिली. टिळकांच्या अभंगांत तीच तळमळ ख्रिस्ताकडे वळलेली दिसते. म्हणूनच मराठी मंडळीत टाळ-मृदंगावर भजनं म्हटली जातात आणि 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली टिळकांची गीतं आजही कित्येकांना तोंडपाठ आहेत. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य साडेदहा अध्यायांवर थांबलेलं होतं. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण नव्हतं, अक्षरओळख लग्नानंतरची. त्यांनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पूर्ण केलं.

याच नाशिकात वाट पाहण्याचा एक वेगळा अध्याय घडला आणि तो ख्रिस्ती माणसाने डोळ्यांआड करू नये. २ मार्च १९३० पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. माणसांनी बंद केलेल्या दारापुढे उभं राहणं आणि देवाची वाट पाहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मारहाण सोसणाऱ्या बाईला किंवा मजुरी बुडवलेल्या कामगाराला "धीर धर, प्रभूची वेळ येईल" एवढंच सांगून पाठवणं म्हणजे पवित्र शास्त्राचा आधार घेऊन अन्यायाला मुदत वाढवून देणं. अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा दाखला येशूने दिला, तोही प्रार्थनेविषयीच. ती विधवा घरी बसून राहिली नव्हती.

साक्षीच्या सभांबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. उपवास-प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी नोकरी लागली, अशा साक्षी ऐकून आनंद होतो. पण ज्यांचं मागणं पुरं झालं नाही त्यांना मंचावर कुणी बोलावत नाही. कर्करोगात माणूस गेल्यावरही दर रविवारी त्याच बाकावर येऊन बसणाऱ्या बाईचा विश्वास माझ्या दृष्टीने मोठा आहे. तिची साक्ष ऐकण्याची आपल्या मंडळ्यांना सवय लागायला हवी.

मंदिरातल्या म्हाताऱ्या हन्नेची गोष्ट लूककृत शुभवर्तमानात थोडक्यात येते. ती ८४ वर्षांची विधवा, रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना करणारी. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा तिने आणि शिमोनाने त्याला ओळखलं. बाळाने पुढे काय केलं ते पाहायला दोघंही बहुधा उरली नसावीत.

या शहरातल्या ख्रिस्ती संस्थांच्या तारखा तशा अलीकडच्या आहेत. अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ चा, फिलिप लॉइड त्याचे पहिले बिशप. त्या परंपरेतल्या मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. दोन्हींकडे नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळले जातात. त्या आठवड्यांत घराघरांत कॅरलची तालीम चालते, करंज्या तळल्या जातात आणि वाचनं असतात ती यशयाची.

एक प्रतीक्षा मात्र प्रार्थनेइतकीच कागदावरही चालू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू दलितांपुरता ठेवला. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलितांना अजून नाही. नाशिक-नगर पट्ट्यातल्या कित्येक मंडळ्यांमधली कुटुंबं मूळची महार-मांग समाजातली आहेत. त्यांच्या प्रार्थनासभांत हा विषय निघतो. मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, दर वर्षी १० ऑगस्टला, त्या आदेशाच्या तारखेला, निषेधाचा दिवस पाळला जातो, आणि सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकांना २० वर्षं उलटून गेली आहेत.