राईको, शेंदूर आणि सरस: जपानी दंतकथांच्या जुन्या छापचित्रांची पार्श्वभूमी

ओए डोंगरातल्या शुतेन-दोजी राक्षसाला दंतकथांतला वीर योद्धा राईको आणि त्याचे साथीदार दारूतून गुंगी देऊन मारतात, तुटलेलं मुंडकं उडून राईकोच्या शिरस्त्राणाला कडकडून चावतं. जपानमध्ये ही गोष्ट आधी लांबलचक गुंडाळीचित्रांत होती, मग पुस्तकांत आली, आणि १६८० च्या आसपास एदोत (आजचं टोकियो) तिची सुटी छापचित्रं निघाली, तीही नुसत्या काळ्या शाईत.

रंग नंतर आला, पण छापून नाही, हातानं. त्यासाठी वापरायचे तो ‘तान’ म्हणजे आपला शेंदूरच, शिशापासूनचा. १७०० च्या सुमाराचं किंतोकी (राईकोच्या चौघांपैकी एक) अस्वलाशी झुंजतोय ते चित्र बघा, पोटऱ्या भोपळ्यासारख्या फुगलेल्या, रेघ गांडुळासारखी वळवळती, हे सगळं तेव्हाच्या नाटकातल्या रांगड्या अभिनयाशी जवळचं नातं सांगतं. हातानं रंगवायचं म्हटल्यावर एकाच ठशाच्या दोन प्रतीसुद्धा तंतोतंत सारख्या नसतात, मला तर तेच सगळ्यात आवडतं.

खरा घोळ आहे तो ‘उरुशी-ए’ या शब्दाचा, हाही हातानं रंगवलेल्या छापचित्रांचाच एक प्रकार (‘ए’ म्हणजे चित्र). उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक, ज्याचं चकचकीत रोगण (लॅकर) भांड्यांवर चढवतात. त्यामुळे सगळीकडे या चित्रांना ‘लॅकर प्रिंट’ म्हणतात आणि वाचणाऱ्याला वाटतं कागदावर लॅकर लावलंय. तसं नाहीये! काळ्या शाईत जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस जास्त घालायचे, तो वाळला की केस, पट्टा, चिलखत असे भाग चमकायचे, कधी वर पितळेची पूड. लॅकरसारखं दिसतं म्हणून ते नाव पडलं. त्यात पुढे एकोणिसाव्या शतकात खरोखर लॅकरनं काढलेल्या चित्रांनाही उरुशी-एच म्हणायला लागले, म्हणजे गोंधळ डबल. नाव बदला असं नाही, पण मराठीत लिहिताना निदान ‘सरसाची चमक’ एवढं तरी लिहावं.

१७४० च्या दशकात गुलाबी-हिरवा रंग ठशानंच छापायला लागले, १७६५ पासून तर पूर्ण रंगीत. १८०४ मध्ये शोगुनच्या (जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारनं १५७३ नंतरच्या खऱ्या योद्ध्यांची नावं आणि चिन्हं चित्रात घालायला बंदी केली, आणि दंतकथांतले जुने वीर एकदम सोयीचे झाले. १८४३ च्या एका चित्रात राईको आजारी पडलाय, मागे ‘मातीचा कोळी’ (जाळं विणणारा राक्षसी कोळीकिडा) आणि भुतांची फौज. लोकांनी झोपलेल्या राईकोत शोगुन ओळखला, भुतांत काटकसरीच्या फतव्यांनी पिचलेली माणसं, आणि प्रकाशकानं घाबरून प्रती मागे घेतल्या.